पहिला घोट

उन्हाळ्यात लाल वाइन कोण पितं, असं धाकटीला रोज कुणी ना कुणी विचारायचं. ती वाद घालत बसायची नाही. हलक्या लाल वाइनची बाटली थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवायची, पुसायची आणि भाजलेल्या वांग्याशेजारी आणून ठेवायची. नाक मुरडणारं गिऱ्हाईकच मग दुसरा ग्लास मागायचं. जड, तुरट वाइन मात्र ती फार गार करत नसे, कारण गारव्यानं तुरटपणा आणखी चढतो. ती तिनं कोळशावर भाजलेल्या बरगड्यांच्या चरबीसाठी राखलेली असायची. हॉटेलच्या मागच्या अंगणात कशाशी काय जमतं हे ठरवणं तिचं काम. जगाच्या जोड्या लावते आणि स्वतःची तेवढी लागत नाही, असं वहिनी तिला येता-जाता ऐकवायची, आणि ती हसून सोडून द्यायची.

अंगणातल्या जाळीवर दादा असायचा, तिचा सख्खा मोठा भाऊ. कोळसा पेटला की दोघांचा एक रिवाज होता. जाळीवरचा पहिला घास तिचा, बाटलीतला पहिला घोट त्याचा. घास चावून ती म्हणायची, आज मिरपूड कमी टाक. घोट घेऊन तो म्हणायचा, ही मक्याबरोबर देऊ नकोस, मशरूमबरोबर दे. दोघंही एकमेकांचं ऐकायची. भावाबहिणींत हे किती दुर्मीळ असतं ते ज्यांना भावंडं आहेत त्यांना सांगायला नको.

या उन्हाळ्यात मात्र काहीतरी बिनसलं. गिऱ्हाइकं लाल वाइन अर्धी टाकून जाऊ लागली. कडू लागते म्हणायची. मालकीणबाईंनी धाकटीला बोलावून विचारलं की माल बदललास का, पैसे तेवढेच आणि माल हलका असं तर नाही ना. शब्द गोड होते, पण धाकटीच्या वर्मी लागले. ती घरी जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या पुन्हा चाखून पाहिल्या. वाइनमध्ये खोट नव्हती. कडवटपणा बरगड्यांत होता. चरबी जास्त जळत होती, आणि करपलेल्या मांसावर तुरट वाइन म्हणजे जखमेवर मीठ.

दादाच्या हातून मांस करपावं? वसंतात तो तापानं आठवडाभर पडून होता. त्यानंतरच हे सुरू झालं होतं. पूर्वी जाळीकडे पाठ करून गप्पा मारतानाही चरबीचा वास बदलला की त्याचा चिमटा आपोआप फिरायचा. आता तो जाळीवर डोळे रोवून उभा राहायचा, परीक्षेला बसल्यासारखा. धाकटीच्या मनात संशय शिरला आणि ठाण मांडून बसला. दादाचं नाक गेलंय की काय?

विचारायला हवं होतं. सरळ दोन शब्दांत विचारता आलं असतं. पण नदीकाठी मालकीणबाईंची नवी शाखा निघणार होती, तिथली जाळी दादाला मिळायची होती आणि वहिनीनं नव्या घराच्या पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. विचारलं तर दादा हसून उडवून लावणार, हे तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिला नुसतं उत्तर नको होतं. कडवटपणा तिच्या वाइनचा की त्याच्या जाळीचा, याचा तिला पुरावा हवा होता, स्वतःपुरता का होईना.

नव्या शाखेसाठी चव बघायला मालकीणबाई त्या दुपारी येणार होत्या. धाकटीनं कोठीत बाटल्या उघडायला घेतल्या. दुसऱ्या बाटलीचं बूच निघालं आणि तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला. बुचानं वाइन नासवली होती. असं अधूनमधून होतं, त्यात कुणाचा दोष नसतो. बाटली बाजूला ठेवायची आणि परत पाठवायची, एवढंच. हा वास दादा पूर्वी हातभर अंतरावरून ओळखायचा. धाकटीनं बाटली बाजूला ठेवली. मग पुन्हा उचलली. याला तोंड वेडंवाकडं करू दे, म्हणजे माझाच संशय खोटा ठरेल आणि मी सुटेन, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

तिनं अंगणात जाऊन त्याच्या ग्लासात थोडी ओतली आणि बाटली टेबलावर ठेवली. दादानं ग्लास नाकाशी नेला, सवयीनं फिरवला आणि घोट घेतला. ती त्याचा चेहरा बघत राहिली. तो शांतच होता. तुरट आहे, बरगड्यांना झक्कास जाईल, असं तो म्हणाला. ते म्हणताना त्याची नजर क्षणभर तिच्याकडे वळली, बरोबर बोललो ना, असं विचारणारी. एवढ्यावर थांबलं असतं तर ती बाटली मोरीत ओतून त्याच्यापाशी जाऊन बसली असती, निदान तिला नंतर तसं वाटत राहिलं.

पण मालकीणबाई वेळेआधी आल्या होत्या. मुदपाकखान्याच्या दारातून त्यांनी दादाचं बोलणं ऐकलं, झक्कास कुठली ते बघू म्हणत स्वतःच ग्लास भरला, घोट घेतला आणि गवतावर थुंकून टाकला.

"हे तुम्हाला झक्कास लागलं?" त्यांनी विचारलं.

दादानं बाटलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. आम्ही भावंडं थट्टा करत होतो, एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. पण मग नासलेली बाटली कोठीबाहेर आलीच कशी, असा पुढचा प्रश्न तिच्यावर आला असता. आधीच तिच्या मालावर बोट ठेवलेलं. ती टेबलावरचे ग्लास सरळ करू लागली.

"बाटली मी उघडली," दादा म्हणाला. "घाईत होतो. तिनं पाहिलीसुद्धा नाही."

मालकीणबाई काही दुष्ट नव्हत्या, पण धंद्यात मुरलेल्या होत्या. त्यांनी ग्लास ठेवला आणि दादाला विचारलं की आत्ता अंगणात कसला वास येतोय. त्याच्या पाठीमागे जाळीच्या टोकाला एक कणीस जळत होतं, दाणे काळे पडत होते. दादा वळला नाही. त्यानं पुन्हा बहिणीकडे पाहिलं, आणि तिनं नुसती मान त्या बाजूला कलती केली असती तरी त्याला पुरलं असतं. तिनं खाली पाहिलं.

"धुराचा," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी पुढे होऊन स्वतः कणीस काढलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की नव्या शाखेत दुसरा माणूस बघावा लागेल. इथली जाळीही सध्या कुणीतरी सांभाळेल, दादानं आत कापाकापीला यावं, डॉक्टरला दाखवावं, बरं वाटलं की बघू. आजच्यापुरतं त्यानं कामगारांचं जेवण तेवढं भाजून टाकावं. कडवटपणाचं कारण आता कळलं, असंही त्या धाकटीला म्हणाल्या, आणि तिच्या मालाबद्दल बोलल्याबद्दल त्यांनी चक्क माफी मागितली. तिला हवा होता तो पुरावा असा सगळ्यांदेखत तिच्या पदरात पडला. आता तो कुठे फेकावा ते तिला कळेना. वहिनीला काय सांगायचं, हेही कळेना.

दुपार कलली. टेबलं पुसून झाली होती, निखाऱ्यांवर राख धरली होती. दादा जाळीपाशी कामगारांच्या बरगड्या भाजत होता आणि ती उगाच ग्लास पुसत उभी होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी तिची नजर कुठे ठरत नव्हती. दादानं चिमट्यानं एक तुकडा काढला, फुंकर घातली आणि रोजच्यासारखा तिच्यापुढे धरला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या बाटलीचा वास तुला कसा नाही आला? मघापासून मला तेच खातंय. माझा ताप तुला तर नाही ना लागला? माझं गेलं ते गेलं, मी कांदे चिरीन. पण तुझं नाक गेलं तर तू काय करशील गं?"

तो भ्यायला होता. स्वतःची जाळी गेली होती आणि त्याला काळजी तिच्या नाकाची होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. सर्दी झालीय म्हणायचं, की मिटलं. पण मग तो रोज तिची विचारपूस करत राहिला असता, आणि ते तिला सोसवलं नसतं.

"माझं नाक शाबूत आहे, दादा," ती म्हणाली. "बूच काढलं तेव्हाच मला वास आला होता."

"बरं झालं बाई," तो म्हणाला. त्याचे खांदे सैल पडले, तो हसलासुद्धा. "जीव टांगणीला लागला होता माझा."

मग त्याला अर्थ लागला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. तिला म्हणायचं होतं की तुझी जाळी जावी असं मला वाटत नव्हतं, मला फक्त खात्री करायची होती. पण हे बोलण्यात काही अर्थ नव्हता, कारण तिला विचारता आलं असतं आणि तिनं विचारलं नव्हतं. दादानं पुढे केलेला हात मागे घेतला, तुकडा ताटात ठेवला आणि जाळीकडे वळला.

थोड्या वेळानं तिला चरबी करपल्याचा वास आला. तो तिथंच उभा होता, जाळीवर डोळे रोवून, आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "उजवीकडचा जळतोय."

त्यानं तुकडा उलटला. खालची बाजू नुकतीच काळी पडू लागली होती.

"असं सांगायचं होतंस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिनं मान हलवली. ताटातला तुकडा गार होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि दादानं तो घे म्हटलं नाही.