पानाचा कापलेला तळ

लुसियन ओलेटचं नाव ऐकलं नाही असा माणूस अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या नदीखोऱ्यात शोधूनही सापडला नसता. चव्वेचाळीस वर्षांच्या बातमीदारीत त्याने एक तुरुंग बंद पाडला होता, वृद्धाश्रमाच्या मालकाला कोर्टात उभं केलं होतं, आणि पुलाच्या कंत्राटातल्या लबाडीत सख्ख्या मेव्हण्याचंही नाव छापलं होतं. ‘लुसियन स्वतःच्या माणसालाही सोडत नाही,’ असं लोक कौतुकाने म्हणत. ते ऐकलं की तो मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

यंदा राज्यातल्या पत्रकारांनी त्याला जीवनगौरव जाहीर केला. त्याचे जुने कागद ग्रंथालयाने मागितले, म्हणून मुलगी मोनीक चार दिवसांची सुट्टी काढून घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर खोकी उपडी करून ती एकेक पाकीट लावत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वहीच्या एका पानाचा फोटो उचलला.

“बाबा, हा गिरणीचा ना? तुमची पहिली मोठी बातमी?”

“हं.”

“पण पेपरात छापलेलं पान याच्यापेक्षा आखूड आहे. इथे खाली सही आहे. ओ. ओ.” ती थांबली. “ओवीला ओलेट? आजोबा?”

लुसियन बटाटे सोलत होता. तो सोलतच राहिला.

“बाबा, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकू येतंय मला,” तो म्हणाला, आणि सुरी खाली ठेवून सांगू लागला.

१९७८ सालची गोष्ट. अल्डर फॉल्समध्ये कागदाची गिरणी होती आणि निम्मं गाव तिच्यात कामाला होतं. गिरणी नदीत काय सोडते याची नोंद ठेवायला प्रयोगशाळेत दोन कारकून होते, ओवीला ओलेट आणि फर्नांड प्लूर्ड. खरे आकडे एका वहीत आणि सरकारी तपासनिसाला दाखवायचे दुसऱ्या वहीत, असा मामला होता. फर्नांडला ते सहन होईना. एका शनिवारी चर्चच्या तळघरात घेवड्याच्या गावजेवणाला सगळं गाव जमलं असताना त्याने सव्वीस वर्षांच्या लुसियनला जिन्याखाली गाठलं आणि खऱ्या आकड्यांची चिठ्ठी आणि एका रात्रीपुरती खोटी वही त्याच्या कोटात सरकवली. “माझं नाव कुठे येता कामा नये,” तो म्हणाला. “आणि पोरा, घरी जाऊन नीट बघ. बघितल्यावर छापायचं की नाही ते तू ठरव.”

लुसियनने बघितलं. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारायची सवय त्या खोलीत एकाच माणसाला होती, आणि त्याच माणसाने लुसियनला बोट धरून आकडे गिरवायला शिकवलं होतं.

त्याने वहीच्या पानाचा फोटो काढला आणि बातमी छापली. फक्त फोटोचा तळ बोटभर कापला.

गावात खळबळ माजली. गिरणीने आठवड्याच्या आत वह्या जाळल्या आणि ‘एका कारकुनाने आपल्या मनाने हा उद्योग केला’ असं जाहीर करून फर्नांडला काढून टाकलं. वही बाहेर कोणी नेली याचा मालकांना संशय होताच. त्यांचं दोन्हीकडून काम झालं: वही फोडणारा गेला आणि दोषही त्याच्याच माथी बसला. नदी नासवणारा खोटारडा म्हणून गाव फर्नांडकडे बोट दाखवू लागलं. त्याची बायको रीटा चर्चमध्ये बसायला गेली की आधी बसलेल्या बायका सरकून दुसऱ्या बाकावर जात. वसंतात प्लूर्ड मंडळी गाव सोडून दूर कनेक्टिकट राज्यात निघून गेली.

लुसियन बोलला नाही. ‘बातमी कोणी दिली ते सांगायचं नाही, शब्द दिलाय,’ असं त्याने स्वतःला समजावलं. तो शब्द खराच होता, म्हणून तर त्याच्याआड लपणं इतकं सोपं गेलं. ओवीलाने गिरणीत आणखी बारा वर्षं काढली. बापलेक दर रविवारी एका टेबलावर जेवत, हवेवर आणि हॉकीवर बोलत. बाप मरेपर्यंत त्या पानाचा विषय निघाला नाही.

“फर्नांडना सांगितलंत कधी?” मोनीकने विचारलं.

“नाही.”

“जिवंत आहेत?”

“आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. मुलाकडे असतो, लुइस्टनला.” पत्ता त्याला पाठ होता. मोनीकने बापाकडे बघितलं, आणि ती नजर त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी काढून लुइस्टनला गेला. फर्नांड खिडकीशी ब्लँकेट घेऊन बसला होता. लुसियनने फोटो त्याच्या मांडीवर ठेवला आणि वाटेत जुळवलेलं सगळं, मोनीकला तो कसा सापडला त्यासकट, एका दमात सांगून टाकलं. म्हाताऱ्याने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मी अकरा वर्षं तुझ्या बापाच्या शेजारच्या टेबलावर बसलो, लुसियन. मला काय दाखवतोस?”

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“कोणापाशी बोलणार? ज्याच्यापाशी बोलायचं, त्याच्यापाशी बोललो होतो ना.” फर्नांडने ब्लँकेट सारखं केलं. “मी तुला अख्खं पान दिलं होतं. छापू नकोस म्हणालो असतो तरी चाललं असतं. बाप होता तुझा, मला कळत नव्हतं का? बातमी दाबली असतीस तर मी काही म्हणालो नसतो. पण तुला बातमीही हवी होती आणि बापही.”

लुसियनने फोटो उचलून खिशात ठेवला.

“मी छापतो आता,” तो शेवटी म्हणाला. “सगळं. तुमची परवानगी असेल तर.”

“छाप. रीटा असताना छापायला हवं होतंस. मला काय, मी कातडं जाड करून घेतलं. ती मरेपर्यंत अनोळखी बाईशी बोलताना आधी गाव कुठलं ते विचारायची.”

लुसियनने लेख लिहिला. संपादकबाई तिशीतल्या होत्या. “सर, तेव्हा तुम्ही अगदी तरुण होता, लोक समजून घेतील,” असं त्या दोनदा म्हणाल्या. तो म्हणाला, “समजून घेण्याजोगं काही नाही त्यात, छापा.” जीवनगौरव त्याने आपणहून नाकारला. लेखाची कुणकुण लागून बोलावणं परत घेण्याचं पत्र त्याआधीच टपालात पडलं होतं, असं मागाहून कळलं.

लेख आला त्या सकाळी बहिणीचा फोन आला. बापाची अब्रू घालवलीस म्हणून क्लॉडेट तोंड सोडणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

“माझ्या नवऱ्याचं नाव छापलंस, तेव्हा मी रडत तुझ्या दारात आले होते,” क्लॉडेट म्हणाली. “आठवतं? काय म्हणालास मला? सगळ्यांना एकच नियम. एकच नियम, क्लॉडेट! तोंड वर करून म्हणालास. आणि बाबांची सही तुझ्या खोक्यात पडून होती.”

“क्लॉडेट, ऐक ना—”

“वीस वर्षं मी नवऱ्याला सांगत आले, भाऊ कडक आहे पण सच्चा आहे. आता मी त्याला काय सांगू?” तिने फोन ठेवला.

त्यानेही फोन ठेवला. मेव्हण्याचा गुन्हा अगदीच किरकोळ होता. छापला नसता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. बापाला झाकल्याची भरपाई म्हणून आपण तो छापला, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

तीन दिवसांनी फर्नांडच्या मुलाने फोन केला. “पप्पांना मी लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, परत वाच. मग म्हणाले, यात लुसियनच्या मनाला काय काय वाटलं ते भरपूर आहे. रीटा एका ओळीत आहे.”

लुसियनने पेपर उघडून पाहिला. खरंच एकच ओळ होती. या वयात आपल्याला इतकी लाज वाटू शकते, याचंच त्याला नवल वाटलं.

“मी येऊ का?” त्याने विचारलं. “ते सांगतील ते उतरवून घेतो. माझं एक अक्षर घालणार नाही.”

पलीकडे मुलाने त्यांच्या घरच्या फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

“बुधवारी या,” मुलगा म्हणाला. “सकाळीच या, दुपारी ते झोपतात. आणि पप्पा म्हणतायत, मुलीला बरोबर आणा. लिहायचं काम ती करेल. तुम्ही नुसतं बसायचं.”