दोनच्या पुढे, तीनच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे, पंपघराच्या प्रोग्राममधली. मला ज्यांनी लिहिलं, त्यांना मीही त्यांच्या मुलीसारखं बाबाच म्हणते. टाकीची पातळी मोजणारं पॅकेज, म्हणजे आयता जोडायचा छोटा प्रोग्राम, दूरच्या अनोळखी लोकांनी बनवलेलं. त्याची कोणती आवृत्ती चालेल, एवढंच मी सांगते: २.४ किंवा पुढची, पण ३ च्या आतली. टिंबानंतरचा आकडा वाढला तर जुनी कामं तशीच चालतात. पहिला वाढला की जुना शब्द मोडू शकतो.

बाबांच्या शेवटच्या साध्यासुध्या दुपारी मुलगी जेवायला आली होती. तीही प्रोग्रामच लिहायची.

"बाबा, जग तीनवर गेलं, तुम्ही दोनमध्येच घुटमळताय!"

"जाऊ दे जगाला. न तपासलेल्याची हमी मी कशी देऊ गं?"

"जेवताना तरी आकडे खाली ठेवा दोघं!" आई करवादली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

पुढे पंपघरातला संगणक जळाला. नव्यावर प्रोग्राम बसवायला मुलगी आली आणि तिने माझं 'तीनच्या आत' खोडून टाकलं. लगेच ३.१ आली.

थोड्या वेळाने पंपचालक धापा टाकत आला. "ताई, टाकी बदाबदा वाहतेय आणि तुमचा पडदा म्हणतो पाणी कमी! पंप थांबवा, खालच्या घरांत पाणी शिरेल!"

पाणी दोन मीटरच्या खाली गेलं की पंप सुरू, असा बाबांचा हिशोब. तिसरी आवृत्ती मीटर सांगतच नव्हती. भरलेल्या टाकीला ती नुसतं 'एक' म्हणायची, आणि प्रोग्राम ते एक मीटर समजून पंप चालूच ठेवायचा.

मुलीने पंप हाताने बंद केला आणि माझे शब्द परत लिहिले. मग जे घडलं ते मी कितीदा पाहिलंय, तरी अंग नसताना अंगावर काटा येतो. माझी अट, इतर पॅकेजांच्या अटी, त्यांच्याही पोटातल्या अटी. संगणक जुळवत गेला, अडला, मागे आला, आणि सगळ्यांना चालेल असा मेळ सापडला. २.९ आली. तीन आल्यावरही ते लोक दोनची डागडुजी करत होते; ही बनली तेव्हा बाबा नव्हते. बनवणाऱ्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तरी दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. पडद्यावर खरी पातळी उमटली.

मित्रांनो, जुनी ओळ खोडण्याआधी ती का लिहिली ते विचारा. सांगणारा असेतोवर विचारा.

पंपचालक टाकी बघायला गेला. कुणाकडून शिकलीस असं विचारलं की ही मुलगी कायम कॉलेजचं नाव सांगे. आता तिने पडद्यावर माझ्यावर बोट टेकवलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी हे काम तुमच्याकडे बघून धरलं."