जाळीला चिकटवलेला दोरा

दोरा हलत नव्हता.

शिवणाचा साधा पांढरा दोरा, वीतभर लांब, वरच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा, हॉलच्या छतातल्या एसीच्या जाळीला डकवलेला — आतून गार हवा येत असती तर तो उडाला असता, नाचला असता, निदान मान तरी वळवली असती. पण हा आपला सरळ खाली लोंबतोय, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा... आणि खाली तिघं जण माना वर करून त्या दोऱ्याकडे बघतायत, आणि ती शिडीवर, आणि खरं सांगू, तिला आतून इतकं भारी वाटत होतं! कारण दोरा हलत नाही म्हणजे दोरा गप्प नाही. दोरा सांगतोय की मशीन तिकडे घुरघुरतंय पण हवा इथवर पोचतच नाहीये. आधी दोरा, मग पाना — हे मामाचं वाक्य, त्याच्या एसीच्या दुकानात कामाला लागल्यापासून उठता-बसता ऐकलेलं. आणि दुसरं वाक्य: पाणी जिथे गळतं तिथे बिघाड शोधू नकोस, पोरी, पाणी लबाड असतं, उतार बघून कुठूनही बाहेर पडतं.

पाणी गळत होतं मधल्या पॅसेजमध्ये. तिथे छताला पिवळा डाग, डागाखाली बादली.

"चालू तर आहे की," काका म्हणाले. "आवाज येतोय ना."

"आवाज येतोय काका. हवा येत नाहीये."

"आमच्या घरात असंच असतं," तो, काकांचा धाकटा मुलगा, म्हणाला आणि हसला, आणि तिलाही हसू आलं — त्याचं हसणं असंच, एकदा सुरू झालं की समोरच्याला ओढून नेणारं.

आज ती जेवायला आली होती खरं तर. पहिल्यांदाच. नवा ड्रेस, कानात डूल, केस व्यवस्थित बांधलेले, आणि मनात एकच — लग्नाला काकूंचं हो. काका बिचारे कधीचेच तयार होते, त्यांना बोलायला नवीन माणूस मिळालं तरी पुरे. पण काकूंनी अजून हो म्हटलेलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. "मुलगी चांगली आहे, पण शिड्या चढते," एवढंच म्हणाल्या होत्या, आणि हे त्यानेच तिला सांगितलं होतं, काकूंचा आवाज काढून, ओठ आत घेऊन, आणि दोघं पोट धरून हसली होती... आणि तरी रात्रभर तेच वाक्य डोक्यात. शिड्या चढते. मग? चढते! मी काय शिडी सोडून लग्न करू? म्हणून आल्या आल्या, "बसतोय तोवर गार आहे, थोड्या वेळाने बंद पडेल हं," असं काका म्हणाले तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख पडलं — असंच जावं ना काकूंपुढे, आहे तशी. स्कूटरच्या डिकीत हत्यारांची पिशवी असतेच. डूल काढून पर्समध्ये टाकले.

आतापर्यंत तीन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने गॅस भरला, दुसऱ्याने मोटर बदलली, तिसऱ्याने मान हलवली.

"मी म्हणतोय नवीन घ्या," तो म्हणाला. "म्हातारं झालंय मशीन. घरातल्या सगळ्यांसारखं."

काकूंच्या हातात फडकं होतं आणि स्वच्छ टेबल त्या पुन्हा स्वच्छ करत होत्या. मगाशी हात धुऊन ती बाथरूममधून बाहेर पडते न पडते तोच मागे खटक् — काकूंनी दिवा बंद केला होता. काका खोलीतून उठले, खटक्. माणूस उठलं की दिवा विझतो, जणू घर त्यांच्या बोटांना बांधलंय... तिला गंमत वाटली होती. तिची आई चार दिवे लावून पाचव्या खोलीत बसणारी.

मशीन पॅसेजच्या छताआड होतं. तिने आधी फिल्टर ओढून काढला आणि चकित झाली. दहातल्या नऊ घरी रोग इथेच सापडतो, फिल्टर म्हणजे गोधडी झालेली असते, आणि हा — आरपार दिसत होतं.

"दर आठवड्याला धुते मी," काकू खालून म्हणाल्या. आल्यापासूनचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

"काकू, इतका स्वच्छ फिल्टर मी आजवर बघितलेला नाही. शप्पथ."

आणि काकूंच्या ओठाची एक कड हलली. दोरा हलला म्हणायचं का? हलला!

"हिला विचारा फिल्टर काय चीज असते!" तो काकांना सांगायला लागला, "अहो, आमच्या ऑफिसात ही आली, फिल्टर उपसला आणि सगळी धूळ हिच्या तोंडावर — भूत! नुसते डोळे आणि दात! फोटो आहे माझ्याकडे, थांबा..." आणि फोन काकांच्या हातात. तो फोटो. त्यांची सगळी गोष्ट त्या फोटोपासून सुरू झालेली, मैत्रिणींना सांगताना ती इथूनच सुरुवात करते — मी अशी करडी, डोक्यापासून हनुवटीपर्यंत, आणि हा वेडा फोटो काढतोय, आणि तो आख्ख्या ऑफिसात फिरवला त्याने, आणि मग सॉरी म्हणायला दुकानावर आला... काय हसलो होतो! सगळे हसले होते. मीसुद्धा.

पॅनेलचे स्क्रू सैल केले, झाकण उतरवलं, आणि टॉर्च मारला.

"या! बघा! सगळ्यांनी बघा!"

आत पांढराशुभ्र बर्फ. ज्या जाळीदार पत्र्यांवरून हवा जाऊन गार व्हायची, तीच आख्खी कॉइल बर्फाने लिंपून गेलेली.

"बर्फ?" काका म्हणाले. "मग गार तर होतंय उलट!"

"फार गार होतंय काका, तोच तर घोळ आहे." आणि ती सुटली, शिडीवरच, हातवारे करत — हे बघा, या कॉइलवरून भरपूर हवा जायला हवी, हवा कमी पडली की कॉइलचा गारठा तिच्यातच साठतो, दव गोठतं, त्याचा बर्फ होतो, बर्फामुळे हवा आणखी अडते, मग आणखी बर्फ... शेवटी सगळं बंद. मग तुम्ही वैतागून मशीन बंद करणार, झोपणार, रात्रीत बर्फ वितळणार, पाणी ट्रेमध्ये मावत नाही म्हणून छतात, आणि सकाळी? सकाळी मशीन शहाण्या बाळासारखं चालू! मेकॅनिक कधी यायचे?

काका काकूंकडे बघायला लागले. "सकाळी."

"झालं! बर्फ कुणी बघितलाच नाही!"

काय सांगू, त्या क्षणी तिला वाटलं, मामा इथे हवा होता. दाब मोजायचं गेज लावून गॅस तपासला, बरोबर होता. पंखा जोरात फिरत होता. म्हणजे मशीन निर्दोष, आणि हवा तरी कमी. मग विचारायचा तो प्रश्न, जो त्या तीन मेकॅनिकांपैकी कुणीच विचारला नसणार —

"केव्हापासून होतंय हे?"

"मोठा आणि सूनबाई वेगळे राहायला गेले ना..." काका आठवत म्हणाले, "त्याच सुमाराला."

"वहिनी जाताना गारवा घेऊन गेली," तो म्हणाला आणि हसला. काकूंचं फडकं टेबलावर थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं.

तिने कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. बर्फ वितळू दे. बादलीत टप्... टप्... सुरू झालं. "तोवर वरच्या खोल्यांच्या जाळ्या बघून घेते," ती म्हणाली, आणि काकू म्हणाल्या, "मी येते."

वर मोठ्या दादाची खोली. गादीवर चादर अंथरलेली, चादरीवर सुरकुती नाही. खिडकीला पडदा, कपाटाला कुलूप. जाळीला दोरा लावायला शिडीवर चढली आणि लावायची गरजच पडली नाही, कारण जाळीची सगळी पाती एकमेकांवर घट्ट मिटलेली. बंद. शेजारच्या खोलीतली बंद. पाहुण्यांच्या खोलीतली बंद. वरचा आख्खा मजला डोळे मिटून बसलेला... आणि तेव्हा तिचं लक्ष दाराआड गेलं. पडदा अडकवायची नळी, पुढचं टोक वाकवून आकडा केलेला, आकड्याला कापडाची पट्टी गुंडाळलेली, रंग खरवडला जाऊ नये म्हणून. जाळीचा खटका खालूनच ओढायला.

"हे कुणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "कोणी नसतं ना इथे. रिकाम्या खोलीला गारवा कशाला? नळ चालू ठेवून कोणी बाहेर जातं का?"

ती शिडीवरून उतरली. हे वरून सांगण्यासारखं नव्हतं.

"नळ बंद केला की पाणी टाकीत राहतं, काकू. हवेला टाकी नाही. हे मशीन सगळ्या खोल्यांच्या मापाने बसवलंय, इतक्या जाळ्या बंद केल्या की हवेला जायला वाट नाही, मशीन गुदमरतं. मग बर्फ."

काकू गादीच्या कडेवर बसल्या. चादरीला सुरकुती पडली.

"म्हणजे मीच."

"चुकतात हो सगळे. आमच्या दुकानात याच तक्रारीचे किती फोन येतात."

"आणि मी त्या तिघांना नावं ठेवली." मग जरा थांबून, "खाली सांगशील?"

तिने क्षणभरच विचार केला. खोटं नाही बोलायचं, कामात तर नाहीच... पण खरं सांगायचेही प्रकार असतात. "वरच्या जाळ्यांतून हवा अडत होती, मोकळी केली. एवढंच सांगणार. ते खरंच आहे."

काकू बघत राहिल्या तिच्याकडे. पहिल्यांदाच, ड्रेसकडे नाही, हातांकडे नाही. तिने ती नळी उचलली, आकडा खटक्याला लावला, ओढला — टक्, पाती उघडली. काय हलक्या हाताने उघडत होती!

"काकू, हे भन्नाट आहे. दर जाळीला शिडी लावून आमची कंबर मोडते. मला करून द्याल एक असं?"

"वाकवताना नळी गरम करावी लागते, नाहीतर मोडते," काकू म्हणाल्या. "पहिली मोडली होती माझी." आणि मग, दारातून बाहेर पडताना, दिव्याच्या खटक्यावर बोट ठेवून, न दाबताच: "शिडीवर भीती नाही वाटत गं तुला?"

"वाटते की. वर पोचेपर्यंत."

काकू हसल्या. अगदी खरं हसल्या, घशातून, आणि तिला कळलं, झालं, हे हो आहे, याहून मोठं हो कोणी देत नाही... जिन्यावरून उतरताना पाय जमिनीवर नव्हते तिचे.

बर्फ गेला होता. झाकण बसवलं, कूलिंग चालू केलं, शिडी पुन्हा हॉलमध्ये, आणि ती वर चढून दोऱ्याजवळ गेली. आणि दोरा — आधी थोडा थरथरला, मग आडवा झाला, मग फडफडायला लागला. काकांनी टाळी वाजवली.

"मानलं! काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"वरच्या जाळ्यांतून हवा अडत होती. मोकळी केली."

"अडत होती म्हणजे? कोण अडवणार?"

"असंच... कधी कधी बंद राहतात."

"आपोआप? भूत करतं?"

"मी," काकू म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मी बंद करायचे, काठीने. मला वाटलं, वाया जातं."

आणि मग त्याला हसू फुटलं, तेच, ओढून नेणारं, सोफ्यावर कोसळून — "आई! अगं आई! तीन मेकॅनिक! आणि आई रोज वर जाऊन..." आणि हातात फोन, आणि "दादा, ऐक, ऐक, एसी कोणी बिघडवला सांग! अरे, आईने! काठी घेऊन!" आणि ओठ आत घेऊन, काकूंचा आवाज काढून, "रिकाम्या खोलीला गारवा कशालाऽ..." हुबेहूब. वरच्या खोलीत तो नव्हता, तरी अगदी तेच शब्द... म्हणजे हे वाक्य तो केव्हापासून ऐकत आला होता. नुसतं नक्कल करण्यापुरतं. काका गालिच्याकडे बघत होते.

आणि काकू हसत होत्या. वरचं हसू नाही ते. दात दिसत होते, तोंडावर हात, खांदे जरा पुढे — झटकन चढवलेलं, सवयीचं, सगळे हसतायत तर आपणही. हे हसू मी ओळखते, तिला वाटलं. कुठे बघितलंय? आणि सापडलं. करड्या चेहऱ्यावर, मगाशी काकांच्या हातातल्या फोनमध्ये. नुसते डोळे आणि दात. त्या दिवशी आधी कोण हसलं होतं? ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, पण हे कधी आठवूनच बघितलं नव्हतं... डोळ्यांत धूळ गेली होती, जळत होते डोळे, कोणी पाणी देईल म्हणून हात पुढे केला होता. आणि मग क्लिक झालं. आणि मग मी हसले.

"अगं, तू सांग ना दादाला! तुला भारी जमतं!" त्याने फोन शिडीकडे वर धरला. फोनमधून कोणीतरी हसत होतं.

तिने फोन घेतला नाही. रागाने नाही, हं — तिला राग आलाच नव्हता, हेच तर नवल. हात एकदम शांत होते, बिघाडाचा वास आला की होतात तसे. आल्यापासून ती काकूंचा अंदाज घेत होती, पॅसेजमधला डाग बघत बसावं तशी... बिघाड मात्र दुसरीकडेच होता.

"जेवायला बसू या?" काकूंनी विचारलं, तिलाच, वर बघत.

"आलेच काकू. एक मिनिट."

दोरा काढायला हात वर केला होता, तो तिने तसाच जाळीच्या कडेला टेकवला. बोटांवर गार हवा येत होती, छान, सारखी. खाली तो अजून हसत होता, आणि आज पहिल्यांदा ते हसणं तिच्यापर्यंत पोचत होतं आणि तिला ओढत नव्हतं. ती नुसती बघत होती. आधी दोरा. पाना काढायची घाई नव्हती.