टपरीसमोर उभी किनांती

मी शिकवते त्या मुंतिलान गावातल्या शाळेत सिगारेटविरोधी मोहीम सुरू झाली, तेव्हा मुलांच्या गटाची प्रमुख म्हणून नववीतल्या किनांतीला मीच निवडलं. काम एवढंच, की आसपासच्या टपऱ्यांवर जाऊन सांगायचं, गणवेशातल्या मुलांना सिगारेट विकू नका. बहुतेक टपरीवाल्यांनी हसत का होईना, मान डोलावली. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर मात्र गट गेलाच नाही. ती किनांतीच्या आईची होती. मुलं तिला बू सुमिराह, म्हणजे सुमिराहकाकू, म्हणायची.

एकदा वर्गाबाहेर आठवीतला तेगुह सगळ्यांदेखत म्हणाला, "गावाला शिकवतेस ताई, आणि आम्हाला लवंग घातलेली सिगारेट कोण देतं? तुझीच आई ना?"

पोरं हसली. मधल्या सुट्टीत किनांती एकटीच रस्ता ओलांडून गेली. मला राहवेना, मीही मागोमाग निघाले.

बू सुमिराह केळी तळत होती. लेकीचं म्हणणं तिनं ऐकून घेतलं. तेवढ्यात तेगुह आणि त्याचे मित्र आले. मुद्दामच आले असणार. तिनं बरणीतून सिगारेटी काढल्या आणि किनांतीकडे रोखून बघत त्यांच्या हातावर ठेवल्या.

"घर कसं चालवायचं ते तू नको शिकवूस मला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि बाई, माझीच पोरगी माझ्यावर सोडलीत होय?"

मी किनांतीला घेऊन शाळेत परतले.

दुसऱ्या दिवसापासून किनांती सुट्टीत टपरीसमोर नुसती उभी राहू लागली. ना फलक, ना घोषणा. तिच्यादेखत सिगारेट मागायला मुलं कचरू लागली, मग केळ्यांनाही गिऱ्हाईक राहिलं नाही. घरी आई ताट वाढते आणि पाठ फिरवते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मोहिमेपायी एक घर मोडतंय या विचारानं मी धास्तावले. तिला म्हटलं, पुरे कर आता.

"आता मागे फिरले तर आई पुन्हा कधी ऐकणारच नाही, बाई," ती म्हणाली.

एका दुपारी ऊन फार होतं. किनांतीचा तोल गेला आणि ती मटकन खाली बसली. मी फाटकाबाहेर धावेपर्यंत तिच्या आईनं तिला सावलीत ओढलं होतं. ती तिला पाणी पाजत होती.

जरा वेळानं तेगुह आला. बू सुमिराहनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "शाळेचे कपडे अंगावर असताना इथं मागायचं नाही," एवढंच म्हणाली आणि बरणी उचलून आत ठेवून आली.

मला म्हणाली, "मला पटलं असं समजू नका. उन्हानं जीव जाईल माझ्या पोरीचा."

तेगुहची सिगारेट सुटलेली नाही. तो बाजारामागून आणतो. त्याच्या एका मित्रानं मात्र सोडली. आणि त्या दुपारी मायलेकी टपरीच्या बाकावर शेजारी बसून तळलेली केळी खात होत्या. बोलत नव्हत्या, पण केळी एकाच कागदावरची होती.