सत्तरीपुढचा अंगठा

"काय बदलायचं ते सांग, म्हणे! सख्ख्या आईला!" म्हातारीनं औषधाची बाटली ओट्यावर आपटली. "झाकण उघडत नाही म्हटलं, तर हा विचारतो, मग कसं हवं? अरे, भाजी खारट झाली म्हणणाऱ्यानं मीठ किती घालायचं तेही सांगायचं का?"

"आमच्या समितीत सांगावंच लागतं, आई," थोरला संगणकावरून मान न उचलता म्हणाला. "तक्रारीशेजारी दुसरा रकाना असतो, बदल सुचवा. तो कोरा ठेवला तर तक्रार कोणी वाचतसुद्धा नाही."

"आपल्या घरात तो रकाना असता, तर आईंना मौनच घ्यावं लागलं असतं," सून कणीक मळता मळता पुटपुटली.

"तू गप. तुझ्या दोन्ही रकान्यांत मीच असते."

म्हातारीची शाळा दुसरीतच सुटली होती, पण थोरला काय करतो हे ती शेजारपाजारी ठणकावून सांगे. "जगात कुठंही जा, गोळ्यांच्या बाटलीचं झाकण पोराला उघडता येऊ नये आणि म्हाताऱ्याला उघडता यावं. तो नियम माझा थोरला लिहितो." सहा वर्षं तो हेच लिहीत होता. आधी चार देशांच्या जाणकारांनी मसुदा करायचा. मग तो सगळ्या देशांना धाडायचा. शेकडो अभिप्राय यायचे, एकेकाला उत्तर द्यायचं. सगळ्यात शेवटी मतदान. तिथं दुरुस्ती नाही. हो म्हणा, नाहीतर कारण देऊन नाही म्हणा. आपल्या देशाचं मत घरची समिती ठरवी आणि तिचा अध्यक्ष थोरलाच होता. 'हो' म्हणायचं आठवड्यापूर्वीच ठरलं होतं. आज संध्याकाळपर्यंत ते फक्त पाठवायचं होतं.

दुपारी घर एकाएकी गप्प झालं. नातीची तीन वर्षांची पोर चार दिवस राहायला आली होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि भिंगरी गप्प म्हणजे काहीतरी उद्योग. म्हातारी खोलीत गेली. पोर पलंगाखाली पांढऱ्या गोळ्यांची रांग मांडून बसली होती, आणि तिचा एक गाल फुगला होता.

म्हातारीनं बोट घालून गोळी बाहेर काढली. ओली, पण अख्खी. थोरल्यानं उरलेल्या मोजल्या. एकही कमी नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, घाबरू नका, नुसतं लक्ष ठेवा. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाटलीचं झाकण कुठंय, आई?"

"उघडत नव्हतं. तुझ्या बायकोनं सकाळी उघडून दिलं, ते परत लावलंच नाही. रोज उठून कोणाच्या पाया पडू?" म्हातारी ताठ होती, पण आवाज नेहमीचा नव्हता. "मी एकटीच नाही. समोरची शिंपीण तर गोळ्या वाटीत ओतून ठेवते."

थोरला पलंगाच्या कडेला बसला. "हे झाकण आमच्याच मसुद्याबरहुकूम केलंय. चाचणीत वयस्क माणसांना उघडता आलं होतं."

"किती वयाच्या?"

"पन्नास ते सत्तर."

"मग पुढचे आम्ही काय मेलो?"

त्यानं झाकण लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. दाबून फिरवायचं होतं. म्हातारीनं ओठ आवळले. अंगठा झाकणावर टेकला, थरथरला आणि घसरला. पुन्हा घसरला. थोरल्यानं हळूच बाटली काढून घेतली.

"काय बदलायचं ते सांग, आई." या वेळी थट्टा नव्हती.

"ऐंशीच्या बाया बसव चाचणीला. दुखऱ्या हातांच्या. त्यांना उघडता आलं, तर झाकण पास."

त्यानं तिचे शब्द नीट मांडून घेतले आणि समितीतल्या एकेकाला फोन लावला. एकानं विचारलं, "सर, मसुदा तुमचा आणि विरोधही तुमचाच?" झाकणाच्या कारखानदाराचा आवाज तर दारापर्यंत आला, "आमचे साचे तयार आहेत हो!" थोरला सगळ्यांना एकच सांगत राहिला, "माझ्या घरात उघडलं नाही. मी हो कसं म्हणू?" कुरकुरत का होईना, पाचाच्या सुमारास बहुतेक राजी झाले.

संगणकाच्या पडद्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. परदेशातले सहा वर्षांपासूनचे सोबती काय म्हणतील, याचं ओझं त्याच्या मानेवर दिसत होतं. म्हातारी दारात उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदाच काही बोलली नाही.

त्यानं 'नाही' दाबलं.

सकाळी निकाल आला. अठ्ठावीस हो, तीन नाही.

"मंजूर झालं," थोरला म्हणाला.

"आणि माझं?"

"नोंदून घेतलंय. पुढच्या फेरतपासणीत विचार करतील. पाच वर्षांनी."

"म्हणजे मी शहाऐंशीची झाल्यावर."

तो परदेशातल्या सोबत्यांचे निरोप वाचू लागला. काय लिहावं ते कोणालाच समजलं नव्हतं. एकानं नुसतं 'अभिनंदन' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

म्हातारी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"झाकण तू बेकार केलंस, थोरल्या. सहा वर्षं घालवून बेकार केलंस. पण चुकलं ते जगापुढं चुकलं म्हणालास. तुझ्या वडलांना ते कधी जमलं नाही. आणि मलाही."