एक चित्र, एक शब्द

ढब्बू पास झाली आणि टुकी नापास. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

ढब्बू म्हणजे माझी मुलगी. तिचं बंगाली किती, तर आजीकडे खाऊ मागण्यापुरतं. तिला बंगालीत धड भांडताही येत नाही. भांडण रंगात आलं की बाईसाहेब मराठीवर येतात, त्या बाबतीत माझ्यावर गेल्यात. आणि टुकी? खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीची पोर. घरात आई, बाप, मामा सगळे बंगालीच बोलतात. ही एकदा सुरू झाली की थांबत नाही, जिन्यात तिचा आवाज आधी येतो आणि ती मागून. ती बंगालीत नापास! मग पास कोण, मी?

आमच्या घराचं आधी सांगून टाकते. मी मराठी, नवरा बंगाली, आणि सासूबाई नुसत्या बंगाली नाहीत तर बंगालीच्या शिक्षिका. जन्मभर शिकवलं. माझ्याशी मराठीत बोलतात. बारा वर्षं बोलतायत आणि बारा वर्षं मराठीतल्या लिंगांची यथेच्छ वाट लावतायत. त्यांच्या भाषेत तो-ती भानगडच नाही, त्यामुळे आमच्या घरी चहा थंड झाली असते, खुर्ची मोडला असतो, आणि त्या स्वतः बाजारातून "आलो". मी कधी हसले असेन, पण चूक काढली नाही. एवढं प्रेम आमच्यात आहे. होतं म्हणा.

यंदा शाळेने ज्यांची घरची भाषा बंगाली आहे अशा मुलांसाठी रोजचा एक तास सुरू करायचं ठरवलं. त्यासाठी एक किट तयार होणार होतं. अक्षरांचे तक्ते, चित्रांची कार्डं, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि एक कापडी पिशवी. पिशवीवर छापलं होतं, 'संस्कृती'. खोटं नाही सांगत. किटवाल्याचं म्हणणं होतं की संस्कृती एका पिशवीत मावली पाहिजे, नाहीतर शिक्षक ती वर्गात नेत नाहीत. शब्द निवडायला त्यांनी सासूबाईंना घेतलं आणि चित्रं काढायला मला. सून-सासू एका टेबलावर, मज्जाच होती. त्या शब्द सांगायच्या, मी चित्र काढायचे.

पाण्याचा ग्लास मीच काढला. चांगला निळसर, काठोकाठ भरलेला. कार्डाच्या मागे सासूबाईंनी बंगाली अक्षरात लिहिलं, 'जॉल'. मी तेव्हाच म्हटलं होतं, "आई, टुकीच्या घरी पानी म्हणतात ना?"

"ते त्यांच्या घरी," त्या म्हणाल्या. "पुस्तकात जॉल असतो."

हे थोडं समजावून सांगायला हवं. बंगालीत पाण्याला दोन शब्द आहेत. काही घरांत जॉल, काही घरांत पानी. कुठल्या घरात कुठला, हे घरातल्या देवावरून ठरतं. तेच आंघोळीचं, तेच मिठाचं, तेच मावशीचं. सासूबाईंच्या घरी मावशीला माशी म्हणतात. ढब्बूने माझ्या बहिणीला पहिल्यांदा माशी म्हटलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. टुकीच्या घरी मावशीला खाला म्हणतात. भाषा तीच, अक्षरं तीच, भांडणंसुद्धा त्याच चालीवर. मला तर पानी हा बंगालीतला एकमेव शब्द शिकावाच लागला नाही. टुकीची आई कापडं घेऊन वर आली, दमून बसली आणि पानी म्हणाली की मी पाणी आणते. इतकं ते सोपं आहे.

मी किटवाल्याला फोनही केला होता. म्हटलं, कार्डाच्या मागे दोन्ही शब्द छापा, जागा भरपूर आहे. तर तो म्हणतो, "मॅडम, एक चित्र, एक शब्द. दोन दिले की मुलं गोंधळतात." अरे शहाण्या, मुलं नाही गोंधळत! माझी पोर आईला एका भाषेत गंडवते, आजीला दुसऱ्या आणि शाळेत बाईंना तिसऱ्या, अजून तरी गोंधळलेली दिसली नाही. पण त्याने ऐकलं नाही, आणि मी मूग गिळून चित्रं पुरी केली.

मग वर्गात जागा कमी पडल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोकं चालवलं. कार्डं दाखवून तोंडी परीक्षा घ्यायची, तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की ते मूल मदत-वर्गात. मदत-वर्ग म्हणजे सामानाच्या खोलीशेजारची खोली. तिथे रंगवायला कागद देतात आणि गप्प बसवतात. टुकी शाळेत नवीन. इथली भाषा तिला येत नाही, म्हणून दाखल झाल्यापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने तर आईला विचारलं होतं की मुलगी बोलू शकते ना, डॉक्टरला दाखवलंय ना. बंगालीचा तास ही त्या पोरीला शाळेत बोलायला मिळणारी एकुलती एक जागा होती. आणि परीक्षा घेणार कोण? आमच्या सासूबाई.

टुकीची आई निकालाचा कागद घेऊन दुपारी वर आली. भांडायला नाही हो, विचारायला! "ताई, कुठे चुकली ते सांगा, मी करून घेते." कागदावर चार लाल फुल्या. पानी. गोसल. लॉबोन. खाला. गोसल म्हणजे आंघोळ. आणि लॉबोन म्हणजे लवण, मीठ! आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकात मिरवणारा शब्द, त्यावर फुली. त्या बाईच्या समोर मला इतकी लाज वाटली की मी तिला बस म्हणायचंही विसरले.

"ती चुकली नाहीये," मी म्हटलं.

"फुली आहे ना," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाई शिकलेल्या आहेत. त्यांना माहीत असणार." आणि कागद नीट घडी करून घेऊन गेली.

सासूबाई बाजारातून येईपर्यंत मी धुमसत होते. ढब्बू टेबलाखाली बाहुली घेऊन बसली होती. म्हटलं हिला विचारून तर बघू. "काय गं, तुला पाण्याचं कार्ड दाखवलं होतं?"

"हो."

"काय म्हणालीस?"

"पाणी."

"आणि आजी?"

"आजी हसली. म्हणाली, हा तुझा आईचा शब्द. मग बरोबर केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाई दारात चपला काढत होत्या. मी त्यांना आतही येऊ दिलं नाही. "आई, ढब्बू पाणी म्हणाली तर बरोबर, आणि टुकी पानी म्हणाली तर फुली?"

"ढब्बूचा मराठी आहे," त्या म्हणाल्या. "ती मिसळतो. लहान आहे."

"टुकी तिच्याच वर्गात आहे! आणि ती काही मिसळत नाही, ती बंगालीच बोलतेय. माझ्या मुलीला चुकून माफी आणि तिला बरोबर बोलून शिक्षा? हा कुठला न्याय?"

"तू यातला काय जाणतो? भाषेला एक शिस्त असते."

"शिस्त? बारा वर्षं तुम्ही माझ्या घरात 'पाणी आला' म्हणताय. मी एकदा तरी लाल फुली मारली? एकदा तरी तुम्हाला सामानाच्या खोलीत बसवलं?"

नवरा आतून डोकावला, आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि पाय काढता घेतला. आपल्या आईच्या आणि बायकोच्या मध्ये न पडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मला वाटलं होतं सासूबाई आता चिडतील. मला ते हवंच होतं. पण त्या पिशवी हातात धरून तशाच खाली स्टुलावर बसल्या. भाजी काढायला हात घातला आणि तो तसाच पिशवीत राहिला.

"मी ढब्बूएवढा होतो," त्या म्हणाल्या. "आमच्या शहरात मारामारी चालू होता. बाबा आम्हाला घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाला माणसं उभी. काठ्या, सळया. मोठ्या माणसांना नाही विचारला. मोठी माणसं खोटं बोलतात ना. मला विचारला. तहान लागली की घरी काय मागतो? बाबाने रस्त्यात शिकवून ठेवला होता. मी बोललो, पानी. आम्हाला सोडून दिला."

मी दार लावून घेतलं.

"आमच्या मागे एक बाई होती. तिचा मुलगा जॉल बोलला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "तेव्हापासून तो शब्द मी तोंडात घेतला नाही. माझ्या वर्गात मी तो येऊ देत नाही."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या माऊलीला जवळ घ्यावं असंही वाटलं. पण राग काही गेला नाही, आणि गेला नाही ते बरंच झालं, नाहीतर पुढचं मी बोलले नसते.

"आई, मग त्या माणसांनी तुम्हाला जे विचारलं तेच तुम्ही टुकीला विचारलंत. फक्त काठीच्या जागी माझं चित्र होतं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, झालं, आता हे घर संपलं. मग त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, उठल्या आणि टेबलाशी गेल्या. कार्डांचा गठ्ठा सोडला. प्रत्येक कार्ड उलटं करून, छापील शब्दाखाली पेनने दुसरा शब्द लिहायला बसल्या. पाण्याचं कार्ड हातात आलं तेव्हा बराच वेळ थांबल्या. मी मुद्दाम भाजी निवडायला घेतली आणि तिकडे बघितलं नाही. ढब्बू टेबलाखालून म्हणाली, "आजी, तू रडतो का?" तिचं व्याकरण आजीवर गेलंय.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेल्या आणि स्वच्छ सांगितलं, "परीक्षकाचा चूक झाला आहे. मुलीचा परीक्षा मी परत घेणार." बाईंनी नाक मुरडलं. नियम, पालक, उद्या सगळेच येतील, वगैरे वगैरे. सासूबाई म्हणाल्या, "मग किटवर माझा नाव नको." तेव्हा कुठे बाई हलल्या आणि पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. सासूबाईंचा मला एवढा अभिमान वाटला की घरी येताना मी त्यांच्या हातातली छत्रीही ओढून घेतली, उगाच आपली सेवा. टुकीच्या आईला मी जिन्यातच तेवढी वेळ सांगितली; कार्डांवर आता दोन्ही शब्द आहेत हे सांगायचं राहूनच गेलं.

परीक्षेच्या दिवशी मीही गेले. खोलीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मीच काढलेला तक्ता, कोपऱ्यात ती पिशवी. मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघत बसलेल्या. टुकीची आई दाराशी, शिवणाचे दोरे अजून ओढणीला चिकटलेले. टुकी खुर्चीत ताठ. केसांना तेल लावून चपचपीत वेणी घातलेली.

सासूबाईंनी आंघोळीचं चित्र दाखवलं.

"स्नान," टुकी म्हणाली.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मिठाचं कार्ड उचललं. "नून." मावशीचं. "माशी." फाडफाड उत्तरं, खाली बघून, हात मांडीवर. जिन्यातला तो आवाजच नव्हता.

पाण्याचं कार्ड. "जॉल."

"वा, सगळं बरोबर की!" मुख्याध्यापिकाबाईंना बंगालीचं ओ की ठो कळत नाही, पण कार्डामागे बंगाली शब्दाखाली छापलेला उच्चार त्यांनी वाचला होता.

सासूबाईंनी कार्ड उलटं केलं. आपल्या हाताने लिहिलेला दुसरा शब्द टुकीपुढे धरला. पुढे वाकल्या, आणि इतक्या वर्षांत जो शब्द तोंडात घेतला नव्हता तो घेतला. "पानी," त्या म्हणाल्या. मग बंगालीतच पुढे, "टुकी, तुमच्या घरी पानी म्हणतात ना? तेही बरोबर आहे, बाळ. म्हण. पानी."

टुकीने मान हलवली. "पानी भूल," ती म्हणाली. पानी चूक. मग जरा विचार करून, चुगली केल्यासारखं हळूच म्हणाली, "आम्मू पण चूक बोलायची. मी सांगितलं तिला."

मी दाराकडे वळले. टुकीच्या आईचा चेहरा आनंदाने फुलला होता. "रोज घोकून घेतलं ताई," ती मला म्हणाली. "चुकली की जेवायलाच दिलं नाही. आता घरात आम्ही सगळेच जॉल म्हणतो. तिचे वडीलसुद्धा." आणि आत येऊन सासूबाईंच्या पाया पडायला वाकली.

मला कोणाच्या तरी मुस्काटात मारायची होती. कोणाच्या, तेच कळत नव्हतं. किटवाला तिथे नव्हता, मुख्याध्यापिकाबाई टाळ्या वाजवत होत्या, ती माऊली डोळे पुसत होती, आणि तो ग्लास तर मीच काढला होता.

"खूण करा ना," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मुलीला वर्गात पाठवू या."

सासूबाईंनी पेन उचललं. बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार? उत्तर बरोबर होतं.