साच्यावरचं बोलणं

आमच्या सासूबाई रोज चार वाजता खिडकीत उभ्या राहून बोलतात. आवाज नसतो. फक्त ओठ हलतात, ऐसपैस, एकेक शब्द चावून पुढे सरकवल्यासारखे. मधूनच भुवया उडतात, हात गालाशी जातो, हसू फुटतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी हे पाहिलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "आईंना बरं नाहीये का?" तो पोट धरधरून हसला. "समोर बघ की जरा," म्हणाला.

समोरच्या घराच्या खिडकीत टकळीमावशी उभ्या होत्या. त्यांचेही ओठ हलत होते. खाली गल्लीत सायकलींच्या घंटा, पोरांची भांडणं, आणि वर या दोघींच्या निवांत गप्पा.

दोघी गिरणीत साच्यावर कामाला होत्या. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका छपराखाली अडीचशे साचे एकदम चालू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बायका ओठांवरून बोलायला शिकल्या. पोराला ताप आहे, सासरा चिडलाय, आज पाय फार दुखतायत, सगळं चार साचे पलीकडे पोहोचायचं. मुकादमाचं नाव घ्यायचं नाही, नुसती मिशी पिळून दाखवायची. तीस वर्षांत दोघींचे कान गेले, हे बोलणं तेवढं राहिलं. गिरणी बंद पडल्यावरही राहिलं. चारला पाळी सुटायची, म्हणून चारची वेळ. मावशींना टकळी हे नाव साच्यावरच पडलेलं. आवाज नसतानाही बडबडी ठरलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मीही ते थोडंफार शिकले, मुलगी झाल्यावर. ती झोपली की घरात भांडं ठेवायची चोरी. सासूबाई मग पलंगापलीकडून ओठ हलवायच्या, आणि मी उत्तर दिलं की कपाळाला आठ्या. "तोंड उघड. मिटल्या पाकिटासारखी काय बोलतेस?" मला निम्मं कळायचं. उरलेल्या निम्म्यावर मी मान डोलवायचे. नवरा तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला गेला होता. इथे आता दोनच कामं उरलीत, तो म्हणायचा, कॉफी देणं नाहीतर कॉफी पिणं. महिन्यातून एकदा यायचा. पहिला दिवस झोपायचा, दुसऱ्या दिवशी निघायचा.

तोवर बंद गिरणीचं कलाकेंद्र झालं होतं. बॉयलरच्या खोलीत कॉफीचं दुकान आलं, विटा तशाच उघड्या ठेवून. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या जागी वासाच्या मेणबत्त्या मिळू लागल्या. वीज गेली तेव्हा मी एक आणायला गेले, तर दुकानदारीण म्हणाली, "अहो, त्या पेटवायच्या नसतात." मग नव्या रहिवाशांचं पत्र आलं की गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून कपडे वाळत घालू नयेत. कोपऱ्यावरचे किराणावाले भाऊ म्हणाले, "आपली दुपटी त्यांच्या फोटोत येतात, वहिनी. दुपट्यांना फोटोचे पैसे मागा." मी हसले. दोऱ्या मात्र काढल्या.

टकळीमावशींच्या घरमालकानं घर विकलं. मावशी लेकीकडे जाणार होत्या, सात तास लांब. टेंपो खाली उभा, कपाट दोरानं बांधलेलं, आणि या दोघी आपापल्या खिडकीत तासभर बोलत राहिल्या.

"आई, खाली जाऊन भेटा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "भेटून नुसतं रडायला होईल," मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे खालच्या हमालानंही वर पाहिलं. "इथून बोलणं तरी होतंय."

मावशी गेल्यावर मी मोठ्या हौसेनं व्हिडिओ कॉल लावून दिला. आवाजाची गरजच नव्हती, मला वाटलं यापेक्षा सोपं काय असणार. पण मावशींचा फोन काही केल्या सरळ राहीना. पडद्यावर कपाळ, मग छताचा पंखा, मग पुन्हा कपाळ. मध्येच चित्र थिजायचं आणि मावशी उघड्या तोंडानं तशाच राहायच्या. तीन वेळा लावला. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी फोन माझ्या हातात ठेवला. "कपाळ बरं आहे तिचं," म्हणाल्या, आणि पुन्हा लाव असं कधी म्हणाल्या नाहीत.

समोर चित्रं काढणारी एक मुलगी राहायला आली, माझ्याच वयाची. तिनं खिडकीला बाहेरून आरशासारखी दिसणारी काच बसवली. गल्लीनं तिला लगेच काचवाली करून टाकलं. त्या काचेत आमचंच घर दिसायचं, आमची कुंडी, आमचा नळ. आणि चार वाजले की सासूबाई उभ्या राहायच्या आणि ओठ हलवायच्या.

सवय असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. माझ्यामागे बाळाचं खाणं, धुणं, आणि दिवसभरात कोणी माझ्याशी एक पुरतं वाक्य बोलायचं नाही. दुसऱ्याच्या गप्पपणाकडे कोण लक्ष देतं?

एके दिवशी काचवालीच दारात आली. "त्या आजी माझ्यावर रागावल्यात का हो?" तिनं विचारलं. "मी टेबलाशी बसते आणि त्या समोरून रोज अर्धा तास काहीतरी बोलतात. शापबिप देत नाहीत ना?"

मला इतकं हसू आलं की माझी मुलगी दचकून रडायला लागली. मी काचवालीला आत बोलावलं. ती जमिनीवर बसली, बाळाच्या ठोकळ्यांचा मनोरा रचत राहिली, आणि मी बोलत सुटले. साचे, मुकादमाची मिशी, टकळीमावशी, सगळं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला "मग पुढे?" विचारत होतं. काय देऊन बसतेय ते कळलंच नाही मला.

"हे जपायला हवं," ती म्हणाली. डोळे चमकत होते तिचे. "शनिवारी केंद्रात करून दाखवाल? तुम्ही दोघी? त्याच शेडमध्ये?"

सासूबाईंना सांगितलं. "माझी गंमत दाखवायचीये?"

"नको तर नको, आई. मी नाही म्हणून येते."

"हो म्हणून बसलीस ना? मग जाऊ. शेड तरी बघेन."

भाऊंना कळलंच. "आजींना काचेत ठेवणार म्हणे," दुकानातून ओरडले. "बरंय. रोज धूळ पुसायला माणूस मिळेल."

शनिवारी दुपारी शेडमध्ये शंभर एक खुर्च्या मांडल्या होत्या. भिंती पांढऱ्याशुभ्र. लोखंडी खांब तेवढे जुनेच, त्यांच्यावरचे आकडे मुद्दाम राखलेले. सासूबाई कोणालाही न विचारता चालत गेल्या आणि सतरा नंबरच्या खांबाशी उभ्या राहिल्या. पाय जरा फाकवून, एक हात पुढे, तिथे अजून काहीतरी चालू असल्यासारख्या. मी दुसऱ्या टोकाला, मुलगी कडेवर. मध्ये लोक. काचवाली माइक घेऊन माझ्या शेजारी.

सासूबाईंनी आधी मिशी पिळली. लोक हसले. मग विचारलं, दमलीस का? मी ते माइकवर सांगितलं, लोक पुन्हा हसले, कोणी फोन उंच धरले. मग त्या थांबल्या. माझ्याकडे सरळ पाहिलं आणि सावकाश बोलल्या.

"त्या काचेत मला माझंच तोंड दिसतं. ती तिथे नाही हे कळतं मला. वेडी नाहीये मी. पण कोणाशी बोलू? तू मान डोलवतेस. कळलेलं नसतं तुला."

या वेळी मला शब्द न शब्द कळला.

"काय म्हणाल्या?" काचवालीनं माइक पुढे केला. सगळी शेड माझ्याकडे वळली.

"विचारतायत," मी म्हटलं, "पोरगी जेवली का."

"आईगं, किती गोड!" पुढच्या रांगेतली कोणीतरी म्हणाली, आणि टाळ्या सुरू झाल्या. सासूबाईंना टाळ्या ऐकू येत नाहीत. पण त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी काय सांगितलं ते त्यांनी तिथून वाचलं होतं.

"बरं केलंस," त्यांचे ओठ म्हणाले.

"दर महिन्याला करू या ना?" काचवाली माझा दंड धरून विचारत होती. मनापासून विचारत होती, तिच्यावर रागावणंही मला जमेना.

"नाही," मी म्हटलं. "तू घरी ये पाहिजे तर. चारला. पण हे नको."

तिला ते नीट कळलं नसावं. "हो, हो, येईन," म्हणाली आणि फोटोसाठी कोणीतरी बोलावलं तिकडे गेली. लोक उठले. कॉफीच्या दुकानाकडे रांग लागली. दोन माणसं खुर्च्या मिटून एकीवर एक रचायला लागली. त्या आवाजात हाक मारूनही उपयोग नव्हता, आणि सासूबाई त्या खांबापासून हलल्या नव्हत्या.

मी आवाज न काढता ओठ हलवले. "आई, मलाही बोलायला कोणी नाही."

त्यांनी डोळे बारीक केले. मान हलवली. कळलं नाही.

मी पुन्हा सांगितलं. मुलीला हा नवाच खेळ वाटला. तिनं दोन बोटं माझ्या ओठांत घातली आणि खालचा ओठ ओढून धरला. पलीकडून सासूबाईंनी हात केला. "तिचा हात काढ आधी. आता तोंड उघड. पुन्हा."

मी मुलीचा हात माझ्या मुठीत धरला. मध्ये एक माणूस चार खुर्च्या घेऊन गेला, तो जाईपर्यंत थांबले. मग तिसऱ्यांदा, जबडा दुखेल इतका उघडून, एकेक अक्षर सुटं करून सांगायला लागले. त्या तिथूनच बघत राहिल्या, माझ्याबरोबर स्वतःचेही ओठ हलवत.